पेड अ‍ॅक्सिलरेशन अपग्रेड

घेतलेल्या इलेक्ट्रिक कारची पॉवर किंवा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) वाढवून मिळावा म्हणून कंपनीला वेगळे पैसे मोजायचे आणि कंपनीने गाडीला पाना न लावता नुसत्या सॉफ्टवेअरमधून तो वाढवून द्यायचा, या पद्धतीला पेड अ‍ॅक्सिलरेशन अपग्रेड किंवा परफॉर्मन्स अपग्रेड म्हणतात. अ‍ॅपवर पेमेंट झालं की गाडी वायफायवरून किंवा स्वतःच्या सिमवरून अपडेट उतरवून घेते आणि पुढच्या वेळी पेडल दाबलं की फरक कळतो. टॉप स्पीड सहसा तेवढाच राहतो, वाढतो तो पिकअप, म्हणजे थांबलेली गाडी ताशी ० वरून १०० किलोमीटरला किती सेकंदात पोचते आणि चालती गाडी ओव्हरटेक करताना किती जोर लावते ते.

हे पहिल्यांदा ऐकलं की कुणीही विचारतो, जोर आधीपासून गाडीतच होता तर घेताना पैसे कशाचे दिले? प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याचं उत्तर प्रत्येक गाडीगणिक बदलतं, म्हणून आधी आत नेमकं काय बदलतं ते बघायला हवं.

आत काय बदलतं

पेट्रोल इंजिनात पेडल दाबलं की हवा आणि इंधन जास्त जातं. इलेक्ट्रिक गाडीत पेडल म्हणजे नुसती मागणी असते. ड्रायव्हरने एवढा टॉर्क मागितला, हा निरोप कंट्रोलरकडे जातो, कंट्रोलर बॅटरीचं तापमान, चार्ज, मोटरचं तापमान, चाकांची पकड वगैरे बघतो आणि मग इन्व्हर्टरला, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या भागाला, सांगतो की मोटरला इतका करंट दे. या सगळ्यात एक कमाल मर्यादा लिहून ठेवलेली असते, आकड्यांचा एक तक्ताच म्हणा ना, आणि अपग्रेड विकत घेतलं की बदलतो तो हा तक्ता.

तक्त्यातले आकडे इंजिनियर उगाच कमी ठेवत नाहीत. बॅटरीच्या सेलमधून किती करंट खेचला की व्होल्टेज किती खाली बसतं, फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (बॅटरीचा मोठा स्विच) किती सहन करतात, इन्व्हर्टरमधले सेमीकंडक्टर किती तापतात, गिअर आणि अ‍ॅक्सलवर किती ताण येतो, हे सगळं धरून वर थोडी मोकळीक ठेवलेली असते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट १० टक्के वाढवला की उष्णता २१ टक्के वाढली, त्यामुळे आकडा थोडासा सरकवला तरी त्याचा हिशोब कुठेतरी द्यावाच लागतो. पूर्ण जोर लागतो तो फक्त काही सेकंद, म्हणून बहुतेक वेळा तो हिशोब परवडतो.

अजून एक गोष्ट लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. गाडी सुटताना पहिल्या क्षणाला टॉर्कवर मर्यादा असते ती टायरच्या पकडीची आणि मोटरच्या करंटची. वेग वाढत गेला की टॉर्क गुणिले वेग, म्हणजे पॉवर, बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मर्यादेला जाऊन टेकते आणि तिथून पुढे टॉर्क कमी कमी होत जातो. सॉफ्टवेअर अपग्रेड बहुधा हेच वरचं छत उचलतं. पोलस्टार कंपनीच्या पोलस्टार २ या इलेक्ट्रिक गाडीच्या अपग्रेडमध्ये हे स्पष्ट दिसतं, वाढीव पॉवर मुख्यतः ताशी ७० ते १३० किलोमीटरच्या पट्ट्यात मिळते आणि ८० ते १२० जायला २.२ सेकंद लागतात, आधीपेक्षा अर्धा सेकंद कमी. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करणाऱ्याला हा अर्धा सेकंद ० ते १०० च्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा आहे असं मला वाटतं, पण जाहिरातीत मोठ्या अक्षरात ० ते १०० च छापतात.

आकड्यांची चव घ्यायची तर टेस्ला मॉडेल ३ घेऊ. तिच्या लाँग रेंज ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेलला ताशी ० ते ६० मैल वेगासाठी ४.४ सेकंद लागायचे, अपग्रेडनंतर ३.९. साधारण १,८५० किलोची गाडी ६० मैलांच्या वेगाला नेताना तिच्यात सुमारे ०.१८ युनिट वीज भरावी लागते. हीच ऊर्जा ४.४ सेकंदात द्यायची तर सरासरी १५० किलोवॅटच्या आसपास लागतात आणि ३.९ सेकंदात द्यायची तर १७०. (घर्षण, हवेचा विरोध वगैरे यात धरलेलं नाही.) म्हणजे अर्धा सेकंद वाचवायला जवळपास १३ टक्के जास्त पॉवर. ऐकायला अर्धा सेकंद काहीच नाही, पण सीटमध्ये बसलेल्या माणसाच्या पाठीला तो नक्की कळतो.

ही कल्पना गाड्यांच्या आधीची आहे

चांगली वस्तू बनवायची, मग तिलाच थोडी अडवून स्वस्तात विकायची, हे कॉम्प्युटरच्या धंद्यात खूप जुनं आहे. आयबीएमने १९९० मध्ये लेझरप्रिंटर ई नावाचा स्वस्त प्रिंटर काढला, तो मिनिटाला ५ पानं छापायचा आणि महाग मॉडेल १० पानं, आणि दोघांमधला फरक एवढाच की स्वस्त प्रिंटरमध्ये मुद्दाम थांबे घातलेले होते. इंटेलने २०१० मध्ये पेंटियम जी६९५१ या प्रोसेसरसाठी ५० डॉलरचं कार्ड विकलं, कोड टाकला की प्रोसेसरची बंद ठेवलेली कॅश (आतली जलद मेमरी) आणि हायपर-थ्रेडिंग (एकाच वेळी जास्त कामं करण्याची सोय) सुरू. लोक भडकले आणि ती योजना लवकरच गुंडाळली गेली. अर्थशास्त्रात अशा मालाला डॅमेज्ड गुड्स म्हणतात, म्हणजे मुद्दाम उणा केलेला माल. यामागचं गणित असं की दोन वेगळ्या वस्तू बनवायला दोन वेगळ्या लाइन लागतात, त्यापेक्षा एकच बनवून सॉफ्टवेअरने दोन भाव लावणं स्वस्त पडतं, आणि ज्याला कमी परवडतं त्यालाही काहीतरी मिळतं.

गाड्यांमध्ये हे आणलं टेस्लाने, आणि सुरुवात पिकअपने झाली नाही, बॅटरीने झाली. २०१३ मध्ये मॉडेल एसचं ४० किलोवॅट-अवरचं व्हर्जन कंपनीने रद्द केलं कारण जेमतेम ४ टक्के गिऱ्हाइकांनी ते मागितलं होतं, आणि त्या लोकांना ६० ची बॅटरी बसवून ती सॉफ्टवेअरने ४० वर अडवून दिली. २०१६ मध्ये पुन्हा तेच, मॉडेल एस ६० मध्ये खरी बॅटरी ७५ ची, आणि नंतर उघडून घ्यायचे ९,००० डॉलर. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ फ्लोरिडावर येत असताना टेस्लाने तिथल्या अशा गाड्यांची अडवलेली क्षमता काही दिवसांसाठी फुकट उघडून दिली, जेणेकरून लोकांना एका चार्जमध्ये जास्त दूर निघून जाता यावं. मदत खरीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच दिवशी बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीचं कुलूप कुणा दुसऱ्याच्या हातात आहे.

इथे ल्युडिक्रस मोडचा उल्लेख करायलाच हवा, कारण लोक त्यालाही सॉफ्टवेअर अपग्रेड समजतात आणि ते चूक आहे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या या पर्यायात बॅटरी पॅकचा करंट १,३०० वरून १,५०० अँपिअर केला, आणि त्यासाठी नवा इलेक्ट्रॉनिक फ्यूज आणि स्टीलऐवजी इन्कोनेल या मिश्रधातूचा कॉन्टॅक्टर बसवला. नव्या गाडीवर १०,००० डॉलर, ० ते ६० मैल २.८ सेकंदात. महाग होतं, पण पैशाच्या बदल्यात हातात घेऊन दाखवता येईल असं काहीतरी गाडीत बसत होतं.

निव्वळ सॉफ्टवेअरचा अ‍ॅक्सिलरेशन बूस्ट आला डिसेंबर २०१९ मध्ये, मॉडेल ३ साठी, २,००० डॉलरला. गंमत म्हणजे त्याच्या थोडंच आधी टेस्लाने एका साध्या अपडेटमधून मॉडेल ३ ची पॉवर सुमारे ५ टक्के फुकट वाढवली होती. म्हणजे तक्त्यातले पहिले आकडे सरकले ते फुकट आणि पुढचे आकडे सरकवायला २,००० डॉलर, आणि रेघ नेमकी कुठे ओढायची ते कंपनीने ठरवलं. पुढे मॉडेल वायलाही तोच भाव लागला, ४.८ सेकंदांचे ४.३ झाले. पोलस्टारने आपल्या ड्युअल मोटर पोलस्टार २ साठी युरोपात १,००० युरो आणि अमेरिकेत १,१९५ डॉलर लावले, त्यात ५० किलोवॅट वाढून एकूण ३५० किलोवॅट झाले आणि ० ते १०० चे ४.७ सेकंद ४.४ वर आले.

मग भाडं सुरू झालं

इथपर्यंत एकदाच पैसे द्यायचे आणि विषय संपला असं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्सिडीजने अमेरिकेत ईक्यूई आणि ईक्यूएस या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वर्षाला १,२०० डॉलरचं सबस्क्रिप्शन जाहीर केलं आणि बोंबाबोंब झाली. ईक्यूई ३५० ची पॉवर २१५ किलोवॅटवरून २६०, ईक्यूएस ४५० ची २६५ वरून ३३०, म्हणजे २० ते २५ टक्के वाढ, जी खरंच मोठी आहे, पण वर्ष संपलं आणि पैसे भरले नाहीत की गाडी परत मंद. २०२३ मध्ये मग महिन्याचे (ईक्यूईला ६० आणि ईक्यूएसला ९० डॉलर) आणि कायमचे (त्याच क्रमाने १,९५० आणि २,९५०) असे पर्याय आले. २०२५ मध्ये फोक्सवॅगनने ब्रिटनमध्ये आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीसाठी हेच केलं, १५० किलोवॅटचे १७० आणि २६५ न्यूटन-मीटरचे ३१०, महिन्याला १६.५० पाउंड किंवा वर्षाला १६५ किंवा कायमचे ६४९. भागाकार करून बघा, महिन्याच्या भाड्याने ६४९ पाउंड व्हायला ४० हप्ते लागतात, मर्सिडीज ईक्यूएसच्या बाबतीत ३३. गाडी तीन-साडेतीन वर्षांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर भाडं तोट्याचं, आणि लीजवर दोन वर्षांसाठी घेतली असेल तर कायमचं तोट्याचं. लीजवाल्यांसाठी हा पर्याय वाईट नाही हे मान्य करायला हवं.

तरी मला भाडं पटत नाही आणि त्याचं कारण सांगतो. नकाशे, ट्रॅफिकची माहिती, गाणी यांसाठी महिन्याला पैसे घेतले तर समजू शकतो, तिकडे सर्व्हर चालतात, डेटा लागतो, माणसं काम करतात. मोटरमधला करंट १० टक्के जास्त वाहू द्यायला कंपनीचा दरमहा काहीही खर्च होत नाही. मोटर माझ्या पैशाची, वीज माझ्या बिलातली, टायर झिजले तर तेही मीच बदलणार. एकरकमी रक्कम मात्र मी समजू शकतो, कारण जास्त ताण सोसणाऱ्या पार्टवर वॉरंटी द्यायची जोखीम कंपनी घेते, जास्त पॉवरची टेस्टिंग आणि सरकारी मंजुरी यांचाही खर्च असतो, आणि तो सगळ्या गिऱ्हाइकांवर टाकण्यापेक्षा ज्यांना पिकअप हवा त्यांच्याकडूनच घेतला तर त्यात अन्याय नाही. बीएमडब्ल्यूने गरम सीटसाठी काही देशांत महिन्याचं सबस्क्रिप्शन लावून बघितलं होतं, लोकांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केलं.

अपग्रेड कुणाचं, गाडीचं की माणसाचं

गाडी विकताना हा प्रश्न पैशाचा होतो. फोक्सवॅगनचं कायमचं अपग्रेड गाडीसोबत राहतं, मालक बदलला तरी. पण सगळीकडे असं असेलच असं धरून चालू नये. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेत एक सेकंडहँड टेस्ला मॉडेल एस गाजली, तिच्यात आधीपासून असलेली ड्रायव्हिंगची पेड फीचर्स नव्या मालकाच्या हातात येईपर्यंत कंपनीने दुरूनच काढून टाकली होती, बोभाटा झाल्यावर परत दिली. तिथे पिकअपचा विषय नव्हता, पण कुलूप त्याच जातीचं. म्हणून जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना अपग्रेड कायमचं आहे की महिन्याचं, आणि गाडीच्या नंबरावर आहे की जुन्या मालकाच्या अकाउंटवर, हे लेखी घ्यावं, नुसतं स्क्रीनवर दिसतंय यावर विसंबू नये.

कुलूप आलं की किल्ली बनवणारेही येतात. कॅनडातल्या इंजेनेक्स्ट या कंपनीने मॉडेल ३ साठी बूस्ट ५० नावाचं मॉड्यूल काढलं, टेस्लापेक्षा कमी पैशात तोच पिकअप. २०२० मध्ये टेस्लाचं अपडेट आलं आणि अशा गाड्यांच्या स्क्रीनवर न जुळणारा बदल सापडल्याची सूचना झळकायला लागली. २०२३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी टेस्लाच्या कॉम्प्युटरमधल्या एएमडी प्रोसेसरचं व्होल्टेज नेमक्या क्षणी हलवून आत शिरकाव केला आणि मागच्या सीटचं पेड हीटिंग फुकट चालू करून दाखवलं. पॉवरच्या बाबतीत मात्र कुणी असले प्रयोग स्वतःच्या गाडीवर करू नयेत असं मनापासून सांगतो, गरम सीट बिघडली तर गैरसोय होते, करंटची मर्यादा चुकली तर फ्यूज, इन्व्हर्टर किंवा बॅटरी पॅक पणाला लागतो आणि वॉरंटीही हातची जाते.

घेण्याआधी

अपग्रेडचे छापलेले आकडे बॅटरी बऱ्यापैकी भरलेली आणि योग्य तापमानाला असतानाचे असतात. थंडीत सेलचा अंतर्गत विरोध वाढतो, चार्ज कमी झाला की व्होल्टेज खाली येतं, आणि दोन्ही वेळा कंट्रोलर पॉवर कापतो, त्यामुळे २० टक्के चार्जवर गार पडलेल्या गाडीत अपग्रेडवाली आणि बिनअपग्रेडवाली यांत फारसा फरक उरत नाही. रेंजवर परिणाम पायावर अवलंबून, जपून चालवलं तर जवळपास शून्य. टायर लवकर झिजतात, विशेषतः ज्याला दर सिग्नलला हौस फिटवायची असते त्याचे. कंपनी ट्रायल देत असेल तर आधी ती घ्या, फोक्सवॅगनने आयडी.३ साठी एक महिना दिला होता, आणि त्या महिन्यात रोजच्या रस्त्यावर आपण पेडल पूर्ण किती वेळा दाबतो ते मोजा. इन्शुरन्स कंपनीला पॉवर वाढल्याचं कळवायला विसरू नका, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये गाडीतला बदल सांगितला नाही तर क्लेम अडू शकतो, मग तो बदल पान्याने झाला असो की अपडेटने.

कायदा अजून या सगळ्याच्या मागेच आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या विधिमंडळात २०२२ मध्ये एक विधेयक मांडलं गेलं, गाडीत आधीच बसवलेल्या हार्डवेअरवर चालणाऱ्या फीचरसाठी सबस्क्रिप्शन घ्यायला बंदी, अपवाद फक्त जिथे ते फीचर चालू ठेवायला कंपनीला किंवा डीलरला सतत खर्च येतो तिथे.