पुंगळीचा खांदा

रायफलीचा चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही सहस्रांश सेकंदच जातात. तेवढ्या वेळात काडतुसाची पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते, तापलेला वायू मागच्या बाजूने फुटू देत नाही आणि दाब उतरताच थोडी आकसून पुन्हा सुटी होते. दारू जळते, ती पेटवणारी बुडातली टोपी एकदाच पेटते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी, आणि काडतुसात बहुधा तीच सर्वांत महाग असते. म्हणूनच अमेरिकेतील आणि युरोपातील काही देशांतील नेमबाज व शिकारी या पुंगळ्या वेचून ठेवतात आणि घरच्या कार्यशाळेत पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याने मनाई आहे, त्यामुळे हा छंद मराठी वाचकाला परका वाटेल. परंतु त्यामागचे धातूचे गणित मुळीच परके नाही.

या गणितातील पहिली संज्ञा हेडस्पेस ही आहे. चेंबरला मागून बंद करणारा सरकता दांडा म्हणजे बोल्ट; बंद बोल्टच्या समोरच्या पृष्ठापासून, चेंबरमध्ये काडतुसाला पुढे सरकण्यास जी जागा अडवते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. ही अडवणारी जागा प्रत्येक काडतुसात वेगळी असते. .३०३ ब्रिटिशमध्ये ते काम बुडाचा बाहेर आलेला काठ करतो, .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसात पुंगळीचे तोंड करते, तर .३०८ विंचेस्टरसारख्या बाटलीच्या आकाराच्या काडतुसात पुंगळीचा खांदा, म्हणजे रुंद अंग जिथे निमुळते होऊन मानेला मिळते तो उतार, हे काम करतो. उतारावर मोजमाप नेमके कुठे घ्यायचे हा प्रश्न उरतोच; .३०८ साठी अमेरिकी उद्योगाने तो खांद्यावरील ०.४०० इंच व्यासाचे वर्तुळ ठरवून सोडवला आहे. बोल्टपासून त्या वर्तुळापर्यंत चेंबर किमान १.६३० इंच असावे लागते. त्या मापाच्या ‘गो’ गेजवर, म्हणजे काडतुसाच्या जागी ठेवायच्या नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर, बोल्ट बंद झाला पाहिजे आणि १.६३४ इंचाच्या ‘नो-गो’ गेजवर होता कामा नये, १.६३८ इंचाच्या ‘फील्ड’ गेजवरही तो बंद होत असेल, तर ती रायफल वापरातून काढून कारागिराकडे द्यावी. कारखान्यातले फिटर ज्याला ‘थाऊ’ म्हणतात, त्या इंचाच्या हजाराव्या भागाचे हे सगळे हिशेब आहेत. चार थाऊ म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग.

एवढ्याशा फटीने काय बिघडते हे समजण्यासाठी पुंगळीच्या भिंतीकडे पाहावे लागते. ती तोंडाकडे पातळ आणि बुडाकडे जाड असते. फायरिंग पिनच्या ठोक्याने काडतूस आधी पुढे ढकलले जाते, म्हणजे असेल ती सगळी फट बुडामागे जमा होते. नंतर दाब चढू लागतो; .३०८ मध्ये त्याची कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ६२,००० पौंड, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४,२०० पट आहे. या दाबाखाली पातळ भिंत चेंबरला चिकटून जागच्या जागी रुतते, पण जाड बूड चिकटत नाही आणि बोल्टला टेकेपर्यंत मागे रेटले जाते. पुढचा भाग हलत नाही आणि मागचा सरकतो, तेव्हा ताण सारा बुडाच्या किंचित पुढच्या पट्ट्यावर येतो आणि पितळ तिथे पातळ होते. एका बाराने काही होत नाही. पण हेच पुनःपुन्हा घडले की आतून एक खोलगट कडे तयार होते, बाहेरून तिथे चकाकती रेघ उमटते आणि एखाद्या बाराला बूड तुटून वेगळे होते. बाहेरची रेघ फसवी असू शकते, म्हणून अनुभवी लोक टोकाशी वाकवलेली तार पुंगळीत घालून आतली भिंत चाचपतात. तार खाचेत अडखळली तर पुंगळी थेट भंगारात जाते.

अशी पुंगळी हाती आली की दोष सहसा रायफलीला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, कारण खरी फट चेंबर आणि पुंगळी यांच्यातील फरकाने ठरते, आणि पुन्हा भरणाऱ्याच्या बाबतीत पुंगळीचे माप त्याच्या स्वतःच्या डायने, म्हणजे पुंगळी दाबून आकाराला आणणाऱ्या पोलादी साच्याने, ठरवलेले असते.

वापरलेली पुंगळी चेंबरच्या मापाची झालेली असते, म्हणून तिला डायमध्ये दाबून पुन्हा बारीक करावे लागते. येथे एक गंमत आहे. डाय आधी पुंगळीचे अंग दाबते, दबलेल्या पितळाला जायला जागा लागते आणि त्यामुळे खांदा मागे जाण्याऐवजी प्रथम पुढेच सरकतो. अर्धवट दाबलेली पुंगळी कधी कधी आधीपेक्षाही घट्ट बसते ती यामुळेच. डाय आणखी खाली आली की तिचा खांदा पुंगळीच्या खांद्याला टेकतो आणि मगच त्याला मागे नेतो. नेमके इथेच हात राखायचा असतो. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीसाठी खांदा एक-दोन थाऊ मागे गेला तरी पुरते, आपोआप भरणाऱ्या रायफलीसाठी तीन ते पाच. डायच्या आट्यांचे प्रमाण इंचाला १४ असल्यामुळे एका फेऱ्यात ती सुमारे ७१ थाऊ सरकते, म्हणजे दोन थाऊंसाठी जेमतेम दहा अंशांचा फिरका पुरतो. डाय तळाला टेकेपर्यंत फिरवून मोकळे होणारा माणूस, त्याच्या रायफलीचे चेंबर सैल बाजूचे असेल, तर दर वेळी खांदा गरजेपेक्षा कितीतरी मागे नेतो आणि निर्दोष रायफलीतही अतिरिक्त हेडस्पेस स्वतःच्या हाताने निर्माण करतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’. तिचे हेडस्पेस काठावर मोजले जाते, त्यामुळे गेज लावल्यावर ती उत्तीर्ण होते. परंतु युद्धातील चिखल-धुळीतही काडतूस अडू नये म्हणून तिचे चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेले असते आणि पहिल्याच बाराला पुंगळीचा खांदा बराच पुढे जातो. तो दर वेळी पूर्ण मागे ढकलला, तर पुंगळी थोड्याच वापरांत तुटते. केवळ मान बारीक करून खांदा आहे तिथेच राहू दिला, तर पुढच्या वेळी काडतुसाला काठाबरोबर खांद्याचाही आधार मिळतो आणि तीच पुंगळी कितीतरी अधिक टिकते.

दर वेळी फुगण्या-दबण्याने पितळ कठीणही होत जाते. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेल्याला हे सांगायला नको: ठोक्यांनी भांडे कणखर होते, पण घडवताना मधूनमधून भट्टी दाखवली नाही तर पत्रा चिरतो. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त, आणि नियम तोच. म्हणून मान आणि खांदा काही सेकंद तापवून मऊ करतात. बुडाला मात्र ती आच लागू द्यायची नसते, कारण मऊ झालेले बूड दाब सोसू शकत नाही.

पितळात दबून राहिलेल्या ताणाचा आणखी एक धडा हिंदुस्थानातच मिळाला होता. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि न वापरताच त्यांच्या पुंगळ्यांना तडे जात. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडणीच्या वेळी धातूत राहिलेला ताण हे तिन्ही एकत्र आल्याने असे होते, याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. पुंगळ्या हलक्या आचेवर तापवून ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय ठरला. पुंगळ्या चकचकीत करताना अमोनिया असलेले पितळी पॉलिश जाणकार आजही वापरत नाहीत, ते याच कारणाने.