माउंटन बायकिंगमधला फ्लो

माउंटन बायकिंग करताना सगळं लक्ष ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, एकवटतं, 'मी कसा चालवतोय' हा विचारच गळून पडतो, वेळ भुर्रकन गेल्यासारखा किंवा उलट लांबल्यासारखा वाटतो आणि तरी बाइकवर पक्का ताबा असतो, त्या मनःस्थितीला फ्लो म्हणतात. उतारावरचा फ्लो सगळ्यांना माहीत असतो, पण लांब, एकसारख्या चढणीवरही तो लागतो.

ही कल्पना मांडली मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी, साधारण 1970च्या दशकात. 1975च्या पुस्तकासाठी त्यांनी प्रस्तरारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, सर्जन वगैरेंशी बोलून घेतलं होतं. माउंटन बायकर त्यात असणं शक्यच नव्हतं, कारण कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत रीपॅक ही या खेळाच्या सुरुवातीच्या काळातली उतारावरची शर्यत पहिल्यांदा झाली ऑक्टोबर 1976 मध्ये, म्हणजे सिद्धांत आणि खेळ जवळपास बरोबरीनेच वाढले. काही जण कल्पनेचं मूळ मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोच्या शिखरानुभवापर्यंत, म्हणजे आयुष्यातल्या अत्यंत भारावून टाकणाऱ्या क्षणांपर्यंत, मागे नेतात. पण शिखरानुभव क्वचितच येतो आणि फ्लो एकाच राइडमध्ये दोन-तीनदा येऊन जाऊ शकतो, त्यामुळे दोन्ही एकाच माळेत ओवणं फारसं पटत नाही.

खरा वाद आहे तो आव्हान आणि कौशल्य यांच्या तोलाचा. मूळ मांडणी अशी की ट्रेल कौशल्याच्या मानाने अवघड असला की धास्ती, सोपा असला की कंटाळा आणि दोन्ही बरोबरीचे असले की फ्लो. मग सोप्या रस्त्यावर नवख्याला फ्लो का लागत नाही, तिथेही तोल आहेच की? म्हणून मिलानच्या फाउस्तो मास्सिमिनी यांच्या गटाने दुरुस्ती केली की आव्हान आणि कौशल्य दोन्ही त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीच्या वर असायला हवेत. पुढे 2015च्या एका मेटा-अॅनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, तोल आणि फ्लो यांचा संबंध मध्यमच निघाला, म्हणजे तोल लागतो पण तेवढ्यावर भागत नाही. स्पष्ट लक्ष्य आणि झटपट मिळणारा फीडबॅक यांना जास्त वजन द्यायला हवं असं दिसतं, आणि सायकलवर तर हे दोन्ही आयतेच मिळतात, कारण पुढचं वळण हेच लक्ष्य आणि टायर घसरला की चूक त्याच क्षणी कळते.

फ्लोमध्ये मेंदूत काय होतं याबद्दल मेंदूचे अभ्यासक आर्ने डीट्रिश यांचं म्हणणं असं की कपाळामागचा, स्वतःवर नजर ठेवणारा भाग तेवढ्यापुरता मंदावतो. हे मत लोकप्रिय आहे, पण चालत्या बाइकवर एमआरआय करता येत नाही. 2014च्या एका प्रयोगात स्कॅनरमध्ये पडल्या पडल्या गणितं सोडवताना पुढच्या मेंदूचा मधला भाग शांत झाला आणि त्याच्याच डावीकडचा एक भाग उलट जास्त सक्रिय झाला, त्यामुळे 'अख्खा पुढचा मेंदू बंद' ही मांडणी आता जरा ढोबळ वाटते.

प्रत्यक्षात बर्मवर हे नीट बघायला मिळतं. बर्म म्हणजे बाहेरची कड उचललेलं वळण. ब्रेक वळणाच्या आधी मारून सोडायचा, नजर पुढच्या चाकावरून उचलून वळण जिथे संपतं तिथे टाकायची, बाइक आत झुकवायची, की कडेची माती टायरला धरून ठेवते आणि पॅडल न मारता पुढच्या रोलरपर्यंत, म्हणजे वाटेवरच्या गोलसर उंचवट्यापर्यंत, वेग टिकतो, मग रोलरच्या चढावर अंग हलकं सोडायचं आणि उतारावर हातापायांनी बाइक दाबायची, याला पंप म्हणतात. मधेच ब्रेक दाबला की लय तुटते आणि डोक्यात हिशोब सुरू होतो. फ्लो ट्रेल बांधणारे लोक म्हणूनच ब्रेकची गरज कमी ठेवतात, मात्र असा ट्रेल मुरलेल्या रायडरला पुरेसा अवघड वाटेलच असं नाही.

धोक्याची बाजू कमी लिहिली जाते. श्यूलर आणि नाकामुरा या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये प्रस्तरारोहण आणि कयाकिंगवर केलेल्या कामात दिसलं की फ्लोने आत्मविश्वास वाढतो आणि अनुभव कमी असलेल्यांचं धोक्याचं भान त्यामुळे सुटू शकतं. बाइकवर हे जसंच्या तसं लावताना जपून राहावं, पण ओळखीच्या ट्रेलवर एक राइड जमून आली की लगेच वरच्या ग्रेडच्या ट्रेलवर घुसू नये एवढं तरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

ग्रुप राइडमध्ये फ्लो लागणं सोबत्यांवरही अवलंबून असतं: पुढच्याच्या वेगाला बांधून घ्यावं लागतं, आणि तो वेग आपल्यापेक्षा थोडाच जास्त असेल तर त्याच्या मागे लाइन, म्हणजे ट्रेलवर चाक नेमकं कुठून न्यायचं ते, निवडायचा ताण कमी होतो, फार जास्त असेल तर नुसती पळापळ होते.