लाळग्रंथीचं ऑपरेशन ‘लोकल’मध्ये: जनआरोग्य योजनेची मंजुरी कुठे अडते

कैरी किंवा आमसूल तोंडात टाकताच जबड्याखाली गाठ फुगते आणि थोड्या वेळाने ओसरते. लाळग्रंथीत खडा असल्याची ही नेहमीची खूण. खडा ग्रंथीत खोल असेल, तर बहुधा ग्रंथीच काढावी लागते. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला पूर्ण भूल जोखमीची वाटली, तर भूलतज्ज्ञ गुंगीचं औषध देतात आणि मानेतल्या नसांभोवती इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात.

याला सगळे ‘लोकल’ म्हणतात आणि घोटाळा इथेच होतो. लोकल आहे तर कागद कशाला, म्हणून घरचे ऑपरेशन उरकतात आणि बिल घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे इस्पितळातल्या योजनेच्या मदतनीसाकडे येतात. राज्य सरकारची महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना कॅशलेस आहे, म्हणजे उपचाराचा खर्च योजना थेट इस्पितळाला देते. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आधी मंजुरी, मग भूल.

1 जुलै 2024 पासून पिवळं, केशरी आणि पांढरं, तिन्ही रेशन कार्डं चालतात. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड, आधार आणि तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राकडे नोंदणी करायची.

अडतं ते नावावर. कार्ड गावी, माणूस मुंबईला. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. आधारवर एक आडनाव, कार्डावर दुसरं. माहेरच्या तहसील कचेरीतून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नाही. आजारी बाईला देवगडहून राजापूरला फेऱ्या मारायला लावणारी ही पद्धत चीड आणणारी आहे, पण ती टळत नाही. म्हणून ऑपरेशन ठरण्याची वाट न पाहता, सोनोग्राफीत खडा दिसला त्याच आठवड्यात हे काम सुरू करा.

इस्पितळ योजनेत आहे म्हणजे तिथला कान-नाक-घसा विभागही योजनेत आहे, असं समजू नका. निघण्यापूर्वी योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर विचारून घ्या.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘मानेची गाठ’ नको. कुठली ग्रंथी, उजवी की डावी, हे स्पष्ट हवं. सोनोग्राफीत डावी आणि चिठ्ठीत उजवी असेल, तर फाइल शंका काढून परत येते. पूर्ण भूल का नको, हे भूलतज्ज्ञाकडून लिहून घ्या. सोबत ईसीजी आणि छातीचा एक्स-रे जोडा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, आधी भूलतज्ज्ञांना विचारा.

लोकल असली तरी पोट रिकामंच हवं, कारण गुंगीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. पेज, दुधाचा चहा, सोलकढी हे पाणी नव्हे, त्यांना किमान 6 तास. ‘जेवले नाही, नुसती पेज घेतली’ एवढ्यावर मंजूर झालेलं ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

संमतीपत्रं दोन असतात, ऑपरेशनचं वेगळं आणि भुलीचं वेगळं. दोन्हींवर सही गुंगीचं औषध देण्यापूर्वीच व्हायला हवी. वाचता येणारं घरचं माणूस सोबत आणा.