‘सांगली’ सापडते, ‘साताऱ्याला’ निसटते: रेग्युलर एक्स्प्रेशनची पार्श्वभूमी

सांगलीत प्रोग्रामिंग शिकू लागलेल्या मुलांना रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक साच्याचे शब्द शोधण्यासाठीची चिन्हांची भाषा, बोलण्यातले ‘रेजेक्स’, शिकवताना मी पहिला सराव आपल्याच गावांच्या नावांवर घेतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात असावा तसा मजकूर एका फाइलमध्ये ठेवलेला असतो: ‘सांगलीहून माल निघाला’, ‘सांगलीत सौदा झाला’, ‘साताऱ्याला वीस पोती पाठवली’, ‘सातारच्या पार्टीचे पैसे आले’. ‘सांगली’ हा पॅटर्न दिला की सांगलीच्या दोन्ही ओळी हाती येतात. ‘सातारा’ दिला की एकही ओळ येत नाही. मग कोणीतरी हुशारीने ‘सातार’ एवढेच टाइप करते, तेव्हा ‘सातारच्या’ सापडते, पण ‘साताऱ्याला’ तरीही निसटते. या निसटण्यामागे थोडे मराठीचे व्याकरण आहे आणि बराचसा या साधनाचा इतिहास आहे. तो इतिहास माहीत नसल्यामुळेच नवख्याला रेजेक्सची चिन्हे मनमानी वाटतात, असे माझे ठाम मत आहे.

या साधनाचा उगम संगणकावरच्या मजकुरात झालेला नाही. १९४३ साली वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील चेतापेशींचे जाळे तर्कशास्त्राच्या भाषेत मांडले. गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनसाठी लिहिलेल्या टिपणात असा प्रश्न घेतला की अशा जाळ्याला घटनांच्या कोणत्या मालिका ओळखता येतील. हे लेखन १९५६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अशा मालिकांना त्यांनी ‘रेग्युलर’ म्हटले आणि त्या तीन क्रियांनी बांधता येतात हे दाखवले: एकामागून एक येणे, दोहोंपैकी एक येणे आणि तीच गोष्ट शून्य किंवा कितीही वेळा येणे. तिसऱ्या क्रियेसाठी वापरलेला तारा आजही ‘क्लेनी स्टार’ म्हणूनच ओळखला जातो. फाइलींची नावे शोधताना * म्हणजे ‘काहीही’ असा अर्थ मुलांच्या डोक्यात आधीच बसलेला असतो, त्यामुळे रेजेक्समध्येही ती एकटाच तारा टाकून मोकळी होतात. येथे मात्र तारा आपल्या डावीकडच्या गोष्टीला लागतो, कारण त्याचा जन्म त्या गणितात झाला. ‘काहीही’ म्हणायचे असेल तर कोणत्याही एका चिन्हासाठी टिंब आणि त्याच्यापुढे तारा, म्हणजे .* असे लिहावे लागते.

गणितातून मजकुरात हे साधन आणण्याचे श्रेय केन थॉम्पसन यांचे. १९६८ साली त्यांनी पॅटर्नचे रूपांतर थेट आयबीएम ७०९४ या यंत्राच्या आज्ञांमध्ये करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत पुढच्या सगळ्या शक्यता एकाच वेळी बरोबर घेऊन मजकूर एकदाच वाचला जाई. पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घडत असताना त्यांनी ‘ईडी’ या संपादकात शोधाची हीच सोय ठेवली. त्यात संपूर्ण फाइलमधून एखादा पॅटर्न शोधून त्या ओळी छापण्याची एक आज्ञा होती. जुन्या राजकीय निबंधांचे लेखक कोण हे तपासणाऱ्या एका सहकाऱ्याचा मजकूर त्या संपादकात मावेना, म्हणून ती आज्ञा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून वेगळी काढली गेली. ‘ग्लोबल, रेग्युलर एक्स्प्रेशन, प्रिंट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून १९७३ सालच्या युनिक्समध्ये तिला ‘ग्रेप’ हे नाव मिळाले.

कंस आणि बॅकस्लॅश यांचा गोंधळ याच काळातला आहे, आणि नवख्याचा सर्वांत जास्त वेळ तोच खातो. ‘ईडी’च्या परंपरेत विशेष चिन्हे मोजकी होती आणि साधा कंस हा साधा कंसच होता, गट करायचा तर \( असे लिहावे लागे. त्यानंतर आल्फ्रेड एहो यांच्या ‘ईग्रेप’ या ‘ग्रेप’च्या भावंडाने + (एक किंवा अधिक वेळा), ? (असले किंवा नसले तरी चालेल), | (किंवा) आणि कंस यांना विशेष अर्थ दिला, त्यामुळे तेथे \( म्हणजे साधा कंस झाला. एकच खूण दोन शेजारच्या प्रोग्रामांत उलट अर्थाची ठरली, आणि युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या १९९२ च्या पॉझिक्स मानकाने दोन्ही पद्धती मान्य करून तो दुभंग कायम केला. १९८७ मध्ये आलेल्या लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेत मात्र एक शिस्त आहे: विरामचिन्हाआधी बॅकस्लॅश आला की ते चिन्ह साधे होते आणि विशेष अर्थाचे नवे संक्षेप अक्षराआधी बॅकस्लॅश लावून बनतात. अंकासाठी ‘बॅकस्लॅश डी’ आणि शब्दातील चिन्हासाठी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हे त्यांतलेच. फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठात पर्लच्या धर्तीवर स्वतंत्र लायब्ररी लिहिली, आणि आज पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये आपण जे लिहितो ते बहुतांशी पर्लचेच वळण आहे. या घराण्यात थॉम्पसन यांची पद्धत मागे पडून एकेक शक्यता तपासत, अडले की मागे फिरण्याची पद्धत रुजली. कंसातल्या ताऱ्यावर पुन्हा तारा लावला की काही पॅटर्न संगणकाला तासन्‌तास का गुंतवतात, याचे कारण तेथे आहे.

आता साताऱ्याकडे वळतो. हे सारे घडत होते तेव्हा ‘एक चिन्ह म्हणजे एक बाइट’ हे गृहीत होते, आणि ती चिन्हे इंग्रजी मजकुरासाठी केलेल्या १२८ जागांच्या आस्की तक्त्यातली होती. ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’मध्ये रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोअर एवढेच होते. आपल्याकडे डीटीपीच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्याच जागा वापरत, त्यामुळे पडद्यावर ‘सातारा’ दिसले तरी फाइलमध्ये भलतेच काही असे. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या १९९१ च्या युनिकोड मानकाने इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या मांडणीवरून देवनागरीला १२८ जागांचा पट्टा दिला, पण त्यात मात्रा आणि अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे आहेत. डोळ्याला ‘सांगली’ हा सां, ग, ली असा तीन अक्षरांचा शब्द आहे. संगणकाला तो स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी असा सहा चिन्हांचा. ^ (ओळीची सुरुवात) आणि $ (ओळीचा शेवट) यांच्यामधल्या तीन टिंबांचा ^...$ हा पॅटर्न ‘सांगली’ला लागत नाही आणि सहा टिंबांचा लागतो, हे पाहून मुले चकित होतात. पायथनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘बॅकस्लॅश डी’ला ० ते ९ हे देवनागरी अंक चालतात, पण ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. परिणामी ‘सातारा’ या एका शब्दाचे स, त, र असे तीन तुकडे होऊन पडतात. वस्तुतः रेजेक्सविषयीच्या युनिकोडच्या मार्गदर्शक नियमांनुसार मात्रा शब्दातच धरायला हव्यात, आणि तसे न होणे ही मराठीत काम करणाऱ्यावर होणारी खरी अडवणूक आहे.

‘साताऱ्याला’चा उलगडा आता होतो. ‘सांगली’ला प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलत नाही, ‘सातारा’चे सामान्यरूप मात्र ‘साताऱ्या’ होते, आणि त्यातला अर्धचंद्राकृती र बहुतेकदा नेहमीच्या ‘र’पासून बनत नाही. साधा ‘र’ ०९३० या क्रमांकावर आहे आणि येथे सहसा वापरला जाणारा ‘ऱ’ ०९३१ या क्रमांकावर आहे. म्हणून सातार(च|कर|ी|ा) अशी कितीही लांबण लावली तरी तो हाती लागत नाही. साता(र|ऱ) असे लिहिले की फाइलमधल्या साताऱ्याच्या दोन्ही ओळी येतात. मात्र हाच ‘ऱ’ साधा ‘र’ आणि खालचा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, अशा दोन चिन्हांनीही साठवता येतो, आणि काही कळफलकांवर तर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतून हुबेहूब तेच रूप उमटते. अशा फाइलमध्ये नुसता ‘सातार’ही ‘साताऱ्याला’ शोधून देतो. त्यामुळे एकाच्या संगणकावर चालणारा सराव शेजारच्याच्या संगणकावर चालला नाही, तर मी मुलांना पॅटर्न बाजूला ठेवायला सांगतो आणि फाइलमधल्या त्या शब्दाचे एकेक चिन्ह क्रमांकासह छापून पाहायला लावतो.