प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट

घर थंड वा उबदार ठेवणारी यंत्रणा दिवसाच्या कोणत्या वेळी किती तापमानावर चालावी, याचे वेळापत्रक आधीच भरून ठेवता येणारे भिंतीवरचे नियंत्रक. याचा प्रसार मुख्यतः अमेरिकेत आहे. तिथे मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या घरात एकच यंत्रणा सगळ्या खोल्यांना थंड हवा पुरवते आणि तिची चावी याच्याकडे असते.

विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट विस्कॉन्सिनमधील शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये घेतले. वर्ग गार पडला की तळघरातल्या शिपायाला घंटीने कळावे, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस त्याला घड्याळ जोडले गेले.

उन्हाळ्यातील बचतीचे तत्त्व सरळ आहे. बाहेरची उष्णता घरात किती वेगाने शिरते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते; फरक कमी ठेवला की उपसावी लागणारी उष्णताही कमी. म्हणून घरी असताना ७८° फॅ. (सुमारे २५.५° से.) आणि सगळे कामावर गेल्यावर ८५° फॅ.च्या आसपास, अशी मांडणी पुष्कळ जण करतात. रोज आठ तास ७ ते १० अंशांचा असा बदल केल्यास वर्षभराच्या गरम-थंड करण्याच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. ‘तापलेले घर पुन्हा थंड करण्यात वाचवलेली वीज जाते’ हा समज चिवट आहे, पण चुकीचा. घर तापलेले असते त्या काळात उष्णता कमीच आत आलेली असते. परतल्यावर आकडा एकदम ६५° फॅ.वर नेल्याने साधी यंत्रणा लवकर गारवाही देत नाही. ती फक्त जास्त वेळ चालते.

ह्यूस्टन, मायामीसारख्या दमट शहरांत मात्र यंत्रणा दिवसभर पूर्ण बंद ठेवणे अंगाशी येते: ओलावा भिंतींत आणि कपाटांत मुरतो, बुरशी धरते. तिथे तापमान चढवावे, पण बेताने. पंखाही ‘ऑटो’वर हवा. तो सतत चालू राहिला, तर कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवर जमलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते.

गणित बरोबर असूनही उपकरणाची कामगिरी निराशाजनक ठरली. बटणे किचकट, पडदा इवलासा. अनेक घरांत ‘होल्ड’ दाबून वेळापत्रक कायमचे गुंडाळून ठेवलेले असे. कागदावरची बचत प्रत्यक्षात दिसेना, तेव्हा ‘एनर्जी स्टार’ या अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचत-प्रमाणन कार्यक्रमाने २००९ च्या अखेरीस या वर्गाला दिलेली मान्यता काढून घेतली. पुढे घरच्यांच्या सवयी स्वतःच टिपणारी ‘स्मार्ट’ उपकरणे आली. त्यांचे वेगळे दुखणे जून २०२१ मध्ये टेक्सासमध्ये दिसले. सवलतीच्या योजनेत नाव नोंदवलेल्या काही ग्राहकांच्या घरांतले तापमान विजेच्या टंचाईच्या वेळी दुरूनच वाढवले गेले, आणि आपण अशी संमती दिली होती हे काहींना तेव्हा समजले.

भारतात घरोघरी खोलीपुरता एसी असल्याने असे भिंतीवरचे उपकरण क्वचितच दिसते. रिमोटवरील टायमर आणि ‘स्लीप मोड’ त्याचे काही काम करतात. २०२० पासून नव्या स्टार लेबलच्या एसींना २४° से. हे मूळ तापमान बंधनकारक आहे. वापरणारा ते हवे तसे बदलू शकतो.