न मोजलेले ब्लॉक आणि सर्वश्रेष्ठांची यादी

अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२३ ची रात्र होती आणि मुंबईत ८ तारखेची सकाळ, ऐन ऑफिस गाठायची वेळ. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर मॅच बघणाऱ्यांनी लेब्रॉन जेम्सचा तो मागे झुकून मारलेला शॉट पाहिला. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला करीम अब्दुल-जब्बारचा सर्वाधिक ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला. १९८४ पासून ते पहिलं स्थान अब्दुल-जब्बारकडे होतं. संध्याकाळी कोर्टवर जमलेल्यांत दुसरा विषय नव्हता: आता तरी जेम्सला सर्वकालीन एक नंबर म्हणायचं, की अजूनही मायकल जॉर्डनच?

या दोन नावांपलीकडे हा वाद आता सहसा जात नाही. पण १९८० मध्ये याचं उत्तर वेगळं होतं. तेव्हा जॉर्डन शाळेत होता आणि जेम्सचा जन्मही झाला नव्हता. त्या वर्षी अमेरिकेतल्या बास्केटबॉल पत्रकारांनी बिल रसेलला लीगच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं. आजच्या बहुतेक याद्यांमध्ये रसेल बराच खाली सापडतो. तो निवृत्त झाला १९६९ मध्ये. म्हणजे १९८० नंतर त्याने एकही सामना गमावलेला नाही, एकही शॉट चुकवलेला नाही, तरी तो खाली घसरत गेला. हे कसं झालं, ते पाहिल्याशिवाय जेम्स-जॉर्डन वादाचा पाया कळत नाही.

आधी याद्यांबद्दल. एनबीएने स्वतः कधीच एक, दोन, तीन असे क्रम लावलेले नाहीत. १९७१ मध्ये रौप्यमहोत्सवानिमित्त दहा जणांचा संघ निवडला, तोही फक्त निवृत्तांमधून. १९८० मध्ये अकरा जणांचा. १९९६ मध्ये पन्नास जणांची यादी आली आणि खरी भांडणं तिथून सुरू झाली. त्या यादीत शकील ओनीलचं नाव होतं, तेव्हा त्याचे लीगमधले जेमतेम चार सीझन झाले होते. डॉमिनिक विल्किन्स आणि बॉब मॅकाडू मात्र बाहेर राहिले. २०२१ मध्ये पंचाहत्तर जणांची यादी करताना जुनी पन्नासही नावं कायम राहिली, विल्किन्स आणि मॅकाडू आत आले आणि शेवटच्या जागेसाठी मतं समसमान पडल्याने यादी शहात्तर नावांची झाली. या सगळ्या याद्या क्रमाविना आहेत. नंबर लावले ते वाहिन्यांनी, मासिकांनी आणि आपण सगळ्यांनी. ‘गोट’ (ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम, सर्वकालीन सर्वश्रेष्ठ) हा शब्द रुळल्यावर तर एकाच माणसाला निवडण्याची सक्तीच झाली. त्याआधी ‘महान खेळाडूंपैकी एक’ म्हणून थांबता येत असे.

मुंबईपुरतं बोलायचं तर आपल्या घरांत केबल आली ती नव्वदच्या दशकात, आणि जॉर्डनच्या शिकागो बुल्स संघाची सहा विजेतेपदं १९९१ ते १९९८ मधली. म्हणजे इथल्या एका अख्ख्या पिढीने पहिल्यांदा एनबीए पाहिली ती जॉर्डनचीच. सहा फायनल, सहाही जिंकलेल्या, सहाही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू, दहा वेळा सीझनमध्ये गुणांची सर्वाधिक सरासरी. शिवाय १९८८ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा किताब. मीही त्याच पिढीतला, आणि जॉर्डनला एक नंबर म्हणणाऱ्यांचं मला पूर्ण पटतं. मला खटकतो तो पुढचा हिशेब. जॉर्डनला मोजण्यासाठी जी मापं घडली, तीच उलटी मागे नेऊन साठच्या दशकातल्या माणसांना लावली जातात.

सगळ्यात मोठा घोळ आहे तो ब्लॉकचा. एनबीएने ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट) आणि स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला बॉल) अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या सीझनपासून. त्याआधी कुणी शॉट हवेत अडवला तर प्रेक्षक ओरडायचे, समोरचा संघ हबकायचा, पण अधिकृत नोंद काही व्हायची नाही. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. विल्ट चेंबरलेन शेवटचा सीझन खेळला १९७२-७३ मध्ये, म्हणजे मोजणी सुरू व्हायच्या बरोबर एक सीझन आधी. ज्या दोघांनी शॉट अडवण्याची कला घडवली, त्या दोघांच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. शून्यसुद्धा नाही, रकानाच नाही.

पुढचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. चेंबरलेन गेल्यावर त्याच्या लेकर्स संघाने त्याच्या जागी एल्मोर स्मिथ नावाचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, आणला. मोजणीच्या पहिल्याच महिन्यात, २८ ऑक्टोबर १९७३ ला, स्मिथने पोर्टलंडविरुद्ध एका सामन्यात १७ ब्लॉक केले. तो विक्रम आजही टिकून आहे. म्हणजे पन्नास वर्षं न मोडलेला आकडा मोजणी सुरू झाल्या झाल्या लागला, आणि तो लावणारा खेळाडू चेंबरलेनच्या जागेवर उभा होता. त्या जागेवर आधीची वर्षं काय काय घडलं असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

एकूण ब्लॉकच्या यादीत हकीम ओलाजुवान ३,८३० वर पहिला आहे. अब्दुल-जब्बारच्या नावावर ३,१८९ आहेत, पण तो लीगमध्ये आला १९६९ मध्ये. त्याचे पहिले चार सीझन, ऐन उमेदीतले, त्या आकड्यात धरलेलेच नाहीत. तरीही टीव्हीवर हा आकडा ‘कारकिर्दीतील ब्लॉक’ म्हणूनच दाखवतात.

शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांमध्ये मी कित्येक वर्षं स्कोअरिंगच्या टेबलावर बसतो. आपल्या स्कोअरशीटवर गुण लिहितात, फाउल लिहितात, टाइमआउट लिहितात. बस. एकदा सोळा वर्षांखालच्यांच्या सामन्यात एक उंच, सडसडीत मुलगा पूर्ण वेळ रिंगखाली उभा होता. समोरच्या संघाचा कुणी आत घुसला की याचा हात वर. दुसऱ्या हाफमध्ये तर समोरच्या मुलांनी आत घुसणंच सोडलं, लांबूनच मारत राहिली आणि चुकत राहिली. हा संघ जिंकला. सामना संपल्यावर तो घाम पुसत टेबलापाशी आला.

“सर, माझे किती?”

मी शीट त्याच्याकडे वळवलं. गुण दोन, फाउल चार.

“आणि अडवले ते?”

त्याला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्या दिवशी त्याच्या वडिलांनी शीटचा फोटो काढला असता तर त्यात हा मुलगा संघातला सगळ्यात साधा खेळाडू दिसला असता.

रसेलचं नेमकं हेच झालं आहे. कारकिर्दीची सरासरी १५.१ गुण. आजच्या डोळ्याला हा आकडा सामान्य वाटतो. सोबत सामन्यामागे २२.५ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल, आहेत, पण ‘तेव्हा शॉट जास्त चुकायचे, म्हणून रिबाउंड जास्त’ असं म्हणून तेही कापले जातात. हा मुद्दा खरा आहे, मीही तो मान्य करतो. मात्र कापायचं ते कापतात आणि मोजलंच गेलं नाही ते धरत नाहीत, हा हिशेब एकतर्फी होतो. त्यात रसेलची खासियत अशी, की तो अडवलेला बॉल प्रेक्षकांत भिरकावत नसे, आपल्याच माणसाकडे वळवायचा आणि तिथून उलट हल्ला सुरू व्हायचा. आज ब्लॉक मोजतानाही बाहेर फेकलेला बॉल आणि साथीदाराला दिलेला बॉल एकाच रकान्यात जातात.

त्या काळात कोर्टवर उभं राहून हे बघणाऱ्यांचं मत काय होतं, याचा मात्र भक्कम पुरावा आहे. १९६१-६२ चा सीझन घ्या. चेंबरलेनची सरासरी ५०.४ गुण. त्याच सीझनमध्ये, २ मार्च १९६२ ला हर्शी गावात त्याने एका सामन्यात १०० गुण केले. त्या सामन्याचं चित्रीकरण उपलब्ध नाही. आहे तो हाताने ‘१००’ लिहिलेला कागद धरून बसलेल्या चेंबरलेनचा फोटो. त्याच सीझनमध्ये ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) अशी सरासरी राखली. आज यांपैकी एकाही आकड्यावर सर्वोत्तम खेळाडूचा किताब डोळे झाकून मिळेल. त्या वर्षी तो मिळाला रसेलला. आणि तेव्हा मतं पत्रकार देत नसत, खेळाडू देत. १९७९-८० पर्यंत तीच पद्धत होती. चेंबरलेनकडून पन्नास-पन्नास गुण खाल्लेल्या माणसांनी मत दिलं ते रसेलला. माझ्या लेखी या वादातला हा सगळ्यात वजनदार कागद आहे, आणि याद्या करणारे तो फारसा उघडत नाहीत.

रिंगचा मुद्दाही असाच गुंतलेला. आपल्याकडे कोर्टवर ‘रिंग’ म्हणजे ज्यात बॉल टाकायचा ती. या वादात रिंग म्हणजे विजेत्याची अंगठी. रसेलकडे तेरा सीझनमध्ये अकरा, जॉर्डनकडे सहा, जेम्सकडे चार. पण रॉबर्ट हॉरीकडे सात आहेत आणि त्याला कुणी जॉर्डनच्या वर ठेवत नाही. जेम्स दहा फायनल खेळला. त्यातल्या सहा हरला म्हणून त्याचे गुण कापतात, फायनलपर्यंत न पोहोचणाऱ्याचे कापत नाहीत. २०१६ मध्ये ७३ सामने जिंकून आलेल्या संघाविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून जिंकलेली फायनल आणि एखादी सहज जिंकलेली फायनल, दोन्हीची अंगठी एकच धरली जाते. फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब तर सुरूच झाला १९६९ मध्ये, रसेलच्या शेवटच्या फायनलला, आणि तो गेला हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टकडे. २००९ पासून त्या किताबाला रसेलचं नाव आहे. त्याच्याकडे स्वतःकडे तो एकही नाही.

‘तेव्हा आठच तर संघ होते’ हे उत्तर हमखास येतं. १९५६ मध्ये रसेल आला तेव्हा आठच होते, बरोबर आहे. यावर मुंबईकराने जरा थांबावं. आपला मुंबईचा संघ १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा रणजी जिंकला. जवळपास तीच वर्षं. बाहेरचं कुणी म्हणालं की तेव्हा स्पर्धाच नव्हती, तर दादर-माटुंग्यातला जुना क्रिकेटवाला ते ऐकून घेईल का? तो सांगेल की त्या संघात जागा मिळवणं हीच स्पर्धा होती. आठ संघांची लीग म्हणजे साधारण शंभर खेळाडू. आज तीस संघ आहेत. शंभरातला शेवटचा खेळाडू आणि साडेचारशेतला शेवटचा खेळाडू यांत ताकदवान कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. परदेशातून येणारे खेळाडू तेव्हा जवळपास नव्हते, हेही धरायला हवं. १९५० पर्यंत तर लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंना दार उघडलेलं नव्हतं, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांकडे मी वेगळ्या नजरेनेच बघतो.

नियमही बदलत गेले. थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट, एनबीएत आला १९७९-८० मध्ये. अब्दुल-जब्बारच्या त्या ३८,३८७ गुणांत थ्री-पॉइंटर फक्त एक आहे. जेम्सचे दोन हजारांहून अधिक. २००४ मध्ये हात लावून रोखण्यावर कडक बंदी आली आणि बाहेरून आत घुसणाऱ्यांचं काम सोपं झालं. २०१३-१४ पासून प्रत्येक स्टेडियममध्ये कॅमेरे खेळाडूचं पाऊल न् पाऊल टिपतात. आजच्या खेळाडूची बाजू मांडायला आकड्यांचा ढीग आहे, तेवढाच फरक.

ज्युलियस अर्व्हिंगचं प्रकरण आणखी वेगळं. १९६७ ते १९७६ या काळात एबीए नावाची दुसरी लीग होती. थ्री-पॉइंटर तिथे सुरुवातीपासून होता, ब्लॉकही तिथे एनबीएच्या आधी मोजले गेले. १९७६ मध्ये तिच्यातले चार संघ एनबीएत आले, आकडे मात्र दाराबाहेर राहिले. अर्व्हिंगचे दोन्हीकडचे गुण मिळून ३०,०२६ होतात. एनबीएच्या यादीत दिसतात १८,३६४.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, ते इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात. पेसर्स हा त्या चार संघांपैकी एक. एबीएतली त्यांची तीन विजेतेपदं एनबीएच्या वहीत धरली जात नाहीत. किंग्ज म्हणजे पूर्वीचे सिनसिनाटी रॉयल्स, १९६१-६२ च्या त्या रॉबर्टसनचा संघ. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी होता आणि पेसर्सनी तो ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला. एक एक ब्लॉक लगोलग नोंदला गेला.

तिथून टॅक्सीने थोड्याच अंतरावर नागपाडा. मुंबईचं बास्केटबॉल वाढलं ते त्या गल्ल्यांमध्ये. भारताचा कर्णधार आणि १९७० चा अर्जुन पुरस्कारविजेता त्याच मोहल्ल्यातला. तिथल्या कोर्टच्या कट्ट्यावर मी त्या पिढीतल्या एका सेंटरला विचारलं होतं, तुमचे एका सामन्यात सर्वाधिक ब्लॉक किती? ते उत्तर न देता उठले, चप्पल बाजूला काढली, गुडघे किंचित वाकवले आणि डावा हात हळूच वर नेऊन बॉल कुठल्या बाजूला वळवायचा ते करून दाखवलं. मग मला म्हणाले, “आता तू शॉट मार.”