टाय-इन कॉमिक की पुढचा सीझन? परीक्षणाआधी एवढं बघाच

भुताखेतांच्या मालिकेवरून निघालेल्या कॉमिकबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘अंकात काही घडतच नाही.’ दुसरी, ‘ही आपली मालिका वाटतच नाही.’ दोन्हींत तथ्य असतं, पण बरेचदा एकीचं खापर दुसऱ्याच जातीच्या अंकावर फुटतं. कारण मुखपृष्ठावर तेच नाव आणि तेच चेहरे असले, तरी आत दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात: टाय-इन, म्हणजे मालिकेची मूळ कथा न बदलता तिच्या जोडीने निघणारी गोष्ट, किंवा मालिकेचा पुढचा सीझन.

व्हॅम्पायर मारणाऱ्या (म्हणजे ‘स्लेयर’) मुलीच्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’मध्ये हा फरक स्वच्छ दिसतो. मालिका टीव्हीवर १९९७ ते २००३ चालली. ती चालू असतानाच, १९९८ पासून, डार्क हॉर्स या प्रकाशनाने तिचं मासिक कॉमिक काढलं आणि ते ६३ अंक चाललं. हे मुख्यतः टाय-इन. खरी कथा टीव्हीवर पुढे सरकत होती, त्यामुळे कॉमिकच्या लेखकाला कुणाला मारता येत नव्हतं की कुणाचं लग्न लावता येत नव्हतं. शेवटच्या पानावर सगळे होते तिथे परत. अशा अंकाला ‘काही बदललं नाही’ म्हणून गुण कापणं म्हणजे त्याला जे करायची मुभाच नव्हती त्याबद्दल शिक्षा. इथे बघायचं ते वेगळंच: फुग्यातला संवाद त्या पात्राच्या तोंडी शोभतो का? नाव झाकून वाचलं तरी बफीच्या मित्रमंडळींपैकी विलो कोण आणि झँडर कोण हे कळतं का? आणि चेहरे. फोटोवरून गिरवलेला चेहरा नटासारखा हुबेहूब दिसतो, पण पुढच्या चौकटीत मान वळली की तो मेणाचा वाटायला लागतो. मला थोडा कमी जुळणारा, पण हलणारा चेहरा कधीही चालेल.

मार्च २००७ मध्ये आला ‘सीझन एट’. लेखन मालिकेचा निर्माता जॉस व्हीडनचं, चित्रं जॉर्जेस जाँटीची. हा सातव्या सीझनच्या शेवटानंतरचा अधिकृत भाग. पहिल्या अंकाची सुरुवातच हेलिकॉप्टरमधून उड्या मारणाऱ्या स्लेयर मुलींनी होते. बफीचा तळ आता स्कॉटलंडमधल्या किल्ल्यात आहे, झँडर तिथे स्क्रीनसमोर बसून मोहीम हाकतोय आणि धाकटी बहीण डॉन चक्क राक्षसाएवढी उंच झालीये. टीव्हीच्या बजेटमध्ये हे कुठून बसणार! कागदावर मात्र किल्ल्याला आणि स्वयंपाकघराला शाई तेवढीच लागते. म्हणून इथे ‘टीव्हीसारखं वाटत नाही’ हा आक्षेप लंगडा पडतो. खरा प्रश्न असा की एवढ्या पसाऱ्यात ती जुनी मैत्री, ती थट्टा टिकते का. माझ्या मते पहिल्या अंकात टिकते. पुढे ४० अंकांच्या पल्ल्यात मध्ये मध्ये हरवते. शिवाय हा अंक चार भागांच्या कथेचा पहिला तुकडा आहे. त्याला शेवट नाही म्हणून नाक मुरडू नये, दुसरा अंक घ्यावासा वाटतो का ते बघावं.

प्रीक्वेलचं, म्हणजे मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या कॉमिकचं काय? ‘सुपरनॅचरल’ मालिकेवरचं २००७ चं ‘ओरिजिन्स’ तिच्या नायकांच्या वडिलांच्या, जॉन विंचेस्टरच्या शिकारी होण्याची गोष्ट सांगतं. तो पुढे काय होणार हे वाचकाला आधीच ठाऊक, म्हणजे हात बांधलेलेच. मी त्याला टाय-इनच्या रांगेत बसवतो.

गंमत खरी ‘एक्स-फाइल्स’ या मालिकेची. २०१३ मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने ‘सीझन १०’ काढला, निर्माता ख्रिस कार्टरचं नाव त्यावर होतं, आणि टीव्हीवर मेलेले ‘लोन गनमेन’ हे तिघे मित्र त्यात जिवंत निघाले. मग २०१६ मध्ये टीव्हीवर खराखुरा दहावा सीझन आला आणि त्याने कॉमिककडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग ते अंक मागाहून टाय-इन झाले का? परीक्षणापुरतं, नाही. ते जोखीम घेऊन लिहिले होते, मोजायचे तेही त्याच हिशेबाने. मेलेल्यांना परत आणणं पटलं नसेल तर तेवढ्यासाठी झोडा, टीव्हीने फिरवलं म्हणून नको.

२०१९ मध्ये बूम स्टुडिओजने सुरू केलेली ‘बफी’ मात्र या दोन्हींत बसत नाही. तिथे कथा आजच्या काळात, पुन्हा शाळेपासून सुरू होते, त्यामुळे जुन्या मालिकेशी ताळा जुळवत बसण्यात अर्थ नाही.